वडोदऱ्यात शाळकरी मुलांसाठी मातीकामाच्या कार्यशाळा सुरू करायच्या आहेत. आधी भट्टी घ्यावी का, आणि दर कसा ठरवावा?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: स्वतःची विजेची भट्टी नसताना हा व्यवसाय सुरू करता येईल का, आणि शाळेला दर कसा सांगावा. मी वडोदऱ्यातच काही वर्षे हे काम करीत आहे आणि माझ्या मते दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते. शाळा पैसे देते ते वर्गातल्या दीड तासाचे. पण आपला खर्च, कष्ट आणि नाव ठरते ते पुढच्या दोन-तीन आठवड्यांत, म्हणजे वस्तू वाळवून, भाजून, न फुटता त्याच मुलाच्या हाती परत देण्यात.

मुलांना वाटी करायला सांगितली तरी निम्मी मुले हत्ती, रणगाडा किंवा डायनोसॉर करतात, आणि तो आतून भरीव असतो. मातीत अडकलेल्या पाण्याची भट्टीत वाफ झाली आणि तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, की ती वस्तू फुटते आणि तिचे तुकडे शेजारच्या चार जणांच्या वस्तूही मोडतात. म्हणून वस्तू थोडी घट्ट झाली की तिचे पोट खालून कोरून काढावे, आणि कुठेही जाडी दीड सेंटिमीटरच्या फार वर जाऊ देऊ नये. हे काम वर्गात होत नाही. ते संध्याकाळी आपल्यालाच करावे लागते. सांधे दोन्ही बाजूंनी खरवडून, मध्ये पातळ माती लावून दाबायला मात्र मुलांना पहिल्याच दिवशी शिकवावे, नाहीतर भाजल्यावर सोंडांचा वेगळा ढीग उरतो. भट्टी शंभर अंशांपर्यंत अगदी हळू न्यावी, ५७३ अंशांच्या आसपासही घाई करू नये, कारण तेथे मातीतील क्वार्ट्झचे आकारमान एकाएकी बदलते. साधी लाल माती साधारण ९०० ते १,००० अंशांवर चांगली भाजते. वाळताना आणि भाजताना मिळून वस्तू आकसते, हेही शाळेला आधीच सांगून ठेवावे, पालक विचारतात.

आता भट्टीविषयी. पहिल्या वर्षी ती घेऊ नये, असे मी स्पष्टच सांगेन. भट्टीच्या किमतीखेरीज तिच्यासाठी वेगळे वायरिंग आणि अनेकदा थ्री-फेज जोडणी लागते, आणि अर्धी रिकामी भट्टी लावली तरी विजेचा खर्च फारसा कमी होत नाही. वडोदऱ्याचा येथे मोठा फायदा आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललितकला विद्याशाखा १९५० पासून येथे आहे, ज्योत्स्ना भट्ट यांच्यासारख्या कलावतीने तेथे अनेक वर्षे सिरॅमिक्स शिकवले, आणि त्या परंपरेत तयार झालेले, स्वतःची भट्टी असलेले लोक शहरात आहेत. त्यांच्यापैकी कोणाकडून भाड्याने भाजून घ्यावे. मदतनीसही त्याच वर्तुळात मिळतात.

दराचा हिशेब डोकी मोजून करावा, तासावर नव्हे. एका मुलाला सुमारे अर्धा किलो माती धरली, तर ३० मुलांना १५ किलो लागते. त्यावर फुटतूट, भाजणावळ, येण्याजाण्याचे भाडे, दहा-बारा मुलांमागे एक मदतनीस आणि मुख्य म्हणजे आपली ती संध्याकाळची कोरणी, हे सर्व धरावे. बहुतेक नवखे लोक हा शेवटचा आकडा सोडून देतात आणि मग शाळा कंजूष आहे म्हणून कुरकुरतात. किमान मुलांची संख्या आधी ठरवून घ्यावी आणि निम्मी रक्कम आगाऊ मागावी. केवळ सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सामान्यतः जीएसटी नोंदणी लागत नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, विनाशुल्क आहे, ती करून ठेवावी.

वस्तू परत देण्याची तारीख ऋतू पाहून सांगावी. मे महिन्यात कडा आधी वाळून तडकतात, म्हणून वस्तू प्लास्टिकखाली झाकून ठेवाव्या लागतात. श्रावणात उलट, आठवडा झाला तरी तळ ओला असतो. नवरात्रापूर्वी छिद्रांचा गरबो (आत दिवा ठेवायचा मातीचा घट) आणि दिवाळीपूर्वी पणत्या यांना येथे हमखास मागणी असते, पण त्या सणाआधी पोहोचल्या नाहीत तर निरुपयोगी. दांडिया बाजार, रावपुरा भागातील मराठी कुटुंबे भाद्रपदात गणपती करायला मुलांना पाठवतात. तेथे शाडू वापरावा, कारण ती मूर्ती भाजायची नसते, विसर्जित करायची असते. एवढे एक काम भट्टीविना पूर्ण होते, त्यामुळे सुरुवात त्यापासून करणे सोपे जाईल.

मुलाचे नाव आणि वर्ग त्याच वेळी सुईने तळावर कोरावेत. चिकटवलेल्या चिठ्ठ्या राहत नाहीत. कोरडी माती झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी, कारण तिच्या धुळीतील सिलिका फुप्फुसांना घातक असते. आणि हात धुण्यासाठी सोबत दोन बादल्या न्याव्यात. शाळेकडून पहिली तक्रार कलेविषयी येत नाही, तुंबलेल्या बेसिनविषयी येते. बादलीत खाली बसलेला गाळ मात्र वाळवून पुन्हा मळता येतो.