आठव्या महिन्यात संडासला रक्त, मग सिझेरियनच का?

प्रश्न : डॉक्टर ताई, आठवा महिना चालू आहे. संडासला गेलं की कापल्यासारखं दुखतं, लाल रक्त लागतं आणि नंतर तासभर धड बसवत नाही. सांगायची लाज वाटते म्हणून मी आयर्नच्या गोळ्याच बंद केल्या, त्यानेच कडक होतं ना? आणि मूळव्याध असली की सिझेरियन करतात असं ऐकलंय, खरंय का?

उत्तर : शेवटचं आधी सांगते, नाही. नुसत्या मूळव्याधीसाठी सिझेरियन करत नाहीत. आणि तुमच्या वर्णनावरून मला ही मूळव्याधीपेक्षा फिशर वाटतेय, म्हणजे गुदद्वाराशी पडलेली चीर. आतल्या मूळव्याधीतून रक्त येतं पण सहसा दुखत नाही, चिरेचं तसं नाही, ती नंतरही ठणकत राहते. नक्की काय ते तपासल्यावरच कळेल, बाहेरूनच बघतात बहुतेक वेळा, घाबरू नका.

गरोदरपणात वाढणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या हार्मोनमुळे आतडी सुस्तावतात, मल आत जास्त वेळ राहतो, त्यातलं पाणी शोषलं जातं आणि तो कडक होतो. आयर्न त्यात भर घालतं हे खरं, पण गोळ्या परस्पर बंद करू नका हो, बाळंतपणात रक्त जातंच, तेव्हा हिमोग्लोबिन कमी असलं तर महागात पडतं. डॉक्टरांना सांगितलं तर त्या गोळी बदलून देतील किंवा दिवसाआड घ्यायला सांगतील.

माझं स्पष्ट मत, मल मऊ झाल्याशिवाय कुठलंही मलम पुरं पडत नाही. इसबगोल घ्या पण भरपूर पाण्याबरोबर, कमी पाण्यात उलट अडकतं. त्याने नाही भागलं तर लॅक्टुलोज, म्हणजे मल मऊ करणारं औषध, गरोदरपणात चालतं, डॉक्टरांना विचारून घ्या. एरंडेल मात्र नको. कळ आली की टाळू नका, पायाखाली छोटं स्टूल घ्या, कुंथू नका, मोबाईल बाहेर ठेवा. नंतर कोमट पाण्याच्या टबात 10-15 मिनिटं बसा, खूप आराम पडतो.

रक्त नक्की कुठून येतंय याची खात्री करा, योनीतून असेल तर लगेच हॉस्पिटल गाठा. खूप रक्त, चक्कर, एकदम आलेली निळसर दुखरी गाठ, यातलं काही असलं तरी थांबू नका. ताप आणि पू असेल तर गळू असू शकतं, ते गरोदरपणातही फोडून काढावंच लागतं. बाकी ऑपरेशनचा विचार शक्यतो बाळंतपणानंतर, तोवर बऱ्याच जणींचं आपोआप बरं होतं. फक्त डिलिव्हरीनंतर टाके दुखतील या भीतीने संडास रोखून धरतात ना, तेव्हा चीर परत उघडते, म्हणून मल मऊ ठेवणारं औषध तेव्हाही काही आठवडे चालू ठेवायचं का हे आत्ताच विचारून ठेवा.