निळ्या सुटाखालचे पांढरे स्निकर्स

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

फोटो पाहिला. नेव्ही ब्लू सूट उत्तम शिवलाय, खांद्याला कुठे चुणी नाही. खालचे पांढरे स्निकर्सही स्वच्छ आहेत आणि एकूण तू देखणा दिसतोस, हे आधीच सांगून टाकते. पण तू विचारलंस ते दिसण्याबद्दल नव्हतं. पुढच्या महिन्यात कंपनीच्या संचालकांच्या ऑडिट कमिटीपुढे इंटर्नल ऑडिटचा अहवाल मांडायला जाताना हाच वेश चालेल का, असं विचारलंस. तिथे नको. एरवी तुमच्या ऑफिसात खुशाल घाल.

पत्र इथेच संपवता आलं असतं. पण कारण न सांगता दिलेला सल्ला तू सीएच्या आर्टिकलशिपच्या, म्हणजे माझ्या हाताखालच्या उमेदवारीच्या, तीन वर्षांत कधी ऐकला नाहीस, आता काय ऐकणार.

"एचआर पॉलिसीत बुटांबद्दल एक शब्दही नाही," असं तू लिहिलंयस. बरोबर आहे, नसणारच. पोशाख लेखी ठरवून दिलेल्या जागा आता थोड्याच उरल्यात. उद्या प्राप्तिकर अपिलीय न्यायाधिकरणात एखाद्या क्लायंटसाठी उभा राहिलास तर तिथे नियम १७अ आहे, काळ्या कोटासकट सगळं सांगणारा. वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी कोर्टात जीन्स घालून उभं राहता येत नाही. बाकी ठिकाणी दोर सैल होत गेले. इन्फोसिसने जून २०१५ पासून आठवडाभर कॅज्युअल कपड्यांना परवानगी दिली. गोल्डमन सॅक्ससारख्या सुटाबुटातल्या बँकेने मार्च २०१९ मध्ये पोशाखाचा नियम सैल केला. कर्मचाऱ्यांना सांगितलं इतकंच, की तारतम्य बाळगा आणि क्लायंटची अपेक्षा बघून कपडे घाला.

ऐकायला हे फार मोकळं वाटतं. मला विचारशील तर यात सगळ्यात जास्त अडचण तुझ्यासारख्यांची झाली. "काळे बूट, टाय, गडद सूट" असं फळ्यावर लिहिलेलं असलं, की बार्शीचा मुलगा आणि मलबार हिलचा मुलगा एका रांगेत येतात. तेवढं केलं की झालं. नियम काढून टाकला आणि "तारतम्य बाळगा" म्हटलं, की हे तारतम्य ज्यांच्या घरी जेवणाच्या टेबलावर शिकवलं गेलं त्यांची सोय होते. आपल्याकडे सूट म्हणजे रिसेप्शनला शिवलेला, चकाकणाऱ्या सूटपीसचा. बापाचे बूट बघून शिकावं तर बाप चपलेत. म्हणून तू विचारलंस याचा मला आनंदच झाला. न विचारणारेच जास्त असतात.

बुद्धिबळातलं एक उदाहरण देते, तुला आवडेल. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कला जागतिक रॅपिड, म्हणजे जलद डावांच्या, स्पर्धेत माजी जगज्जेता मॅग्नस कार्लसन जीन्स घालून आला. फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाने, २०० डॉलर दंड केला आणि कपडे बदलायला सांगितलं. त्याने नकार दिला, पुढच्या फेरीसाठी त्याची जोडी लावली नाही, तो स्पर्धा सोडून निघाला. मग जगभर चर्चा झाली, फिडेने नियमात थोडी सवलत देऊ केली, तो त्यानंतरची ब्लिट्झ, म्हणजे आणखी झटपट डावांची, स्पर्धा खेळायला परत आला आणि ती जीन्स पुढे लिलावात ३६ हजार डॉलरच्या वर गेली. हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच दिवशी इयान नेपोम्नियाची स्पोर्ट्स शूज घालून आला होता, हे फार कमी जणांच्या लक्षात आहे. त्यालाही दंड झाला. तो गेला, बदलून आला आणि खेळायला बसला. नेपोम्नियाची म्हणजे कोणी लेचापेचा नव्हे, जगज्जेतेपदासाठी दोनदा लढलेला माणूस. त्याच्या आदल्या वर्षी समरकंदला ॲना-मया कझारियन या डच खेळाडूला १०० युरो दंड झाला होता. तिचे बूट बर्बेरीचे होते, म्हणजे महागडे, पण पंचांना ते स्पोर्ट्स शूज वाटले आणि विषय संपला. तिच्यासाठी कोणी नियम बदलला नाही. तिघांवर नियम एकच लागला. तो वाकला मात्र एकासाठीच, कारण त्याच्यावाचून स्पर्धेचं अडणार होतं.

सुटावरच्या स्निकर्सचंही तसंच आहे. तुमचे सीएफओ, म्हणजे वित्तप्रमुख, घालतात म्हणून तू लिहिलंस. ते घालतात, कारण त्यांना नियम माहीत आहे आणि ते तो मोडताहेत, हे बघणाऱ्याला माहीत आहे. यावर रीतसर अभ्यासही झालाय. सिल्व्हिया बेलेझा, फ्रान्सेस्का जिनो आणि अनात कायनान यांचा, २०१४ मध्ये जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्चमध्ये आलेला. त्याला लाल स्निकर्सचंच नाव पडलंय, कारण त्यातल्या एका प्रयोगात बिझनेस स्कूलमधली प्राध्यापक लाल बूट घालून वर्गात शिकवते. मिलानमधल्या उंची दुकानांतल्या विक्रेत्यांना विचारलं, की फरचा कोट घातलेली बाई आणि व्यायामाच्या कपड्यांतली बाई, यांतली मोठी गिऱ्हाईक कोणती वाटते? त्यांनी व्यायामाच्या कपड्यांतली निवडली. इथपर्यंतचा भाग सगळे आनंदाने सांगतात. पुढचं सांगत नाहीत. हेच स्टेशनवरच्या सामान्य लोकांना विचारलं तर त्यांना तसं वाटलं नाही. आणि रीत मुद्दाम मोडलेली न वाटता अजाणतेपणी मोडली गेली असं वाटलं, तर सगळा फायदा गळून पडतो.

आता कमिटीच्या बाजूने बघ. तुमची कंपनी शेअर बाजारात लिस्टेड, म्हणजे वर्षातून किमान चार बैठका, आणि सदस्यांत किमान दोन तृतीयांश स्वतंत्र, म्हणजे कंपनीबाहेरचे, संचालक. ते बहुतेक निवृत्त बँकर, जुने सीए, एखादे माजी सरकारी अधिकारी असतील. तुला दहा मिनिटं मिळतील, त्यातली चार मॅनेजमेंटच्या उत्तरात जातील. ही माणसं तुला रोज बघत नाहीत. तू रात्री अकरापर्यंत व्हेंडर मास्टर, म्हणजे पुरवठादारांची यादी, चाळत बसलास, दुबार पेमेंट शोधून काढलंस, हे त्यांना माहीत नाही. ज्यांचा सहवास रोजचा, ते कामावरून पारखतात. जे तीन महिन्यांनी दहा मिनिटं भेटतात, त्यांच्याकडे पारखायला दुसरं काय असतं? आणि तू तिथे जाऊन काय सांगणार आहेस, तर अमुक खात्यात नियम पाळले जात नाहीत! दुसऱ्यांनी नियमाला बगल दिली हे सांगायला जाणाऱ्याने आपल्या पायाकडे कोणाचं लक्ष जाऊ देऊ नये. मार्केटिंगमध्ये असतास तर मी कदाचित वेगळं लिहिलं असतं.

त्या पिढीच्या डोक्यात पांढरे बूट म्हणजे काय, हेही ध्यानात घे. शनिवारची सकाळची शाळा, पीटीचा तास, आणि आदल्या रात्री खडू घासून पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट. बूट पांढरे म्हणजे कवायत, काळे म्हणजे बाकी सगळं. ही सवय साठ वर्षांची आहे, तुझ्या दहा मिनिटांत ती मोडणार नाही. मोडण्यात तुझा काही फायदाही नाही.

घालायचेच असतील तिथे नीट घाल, तेही सांगते. सुटाखाली चालणारा स्निकर एकाच प्रकारचा: साधा, चामड्याचा, पातळ तळाचा, एकरंगी, ज्यावर कंपनीचं नाव लांबून वाचता येत नाही. धावायचे जाळीदार बूट, फुगीर तळाचे, तीन रंगांचे, नकोत. ते ट्रेनमध्ये घाल आणि ऑफिसात बदल. सूटही मऊ, कमी पॅडिंगचा हवा. कडक खांद्याच्या किंवा चकाकणाऱ्या कापडाच्या सुटाखाली स्निकर्स घातले, की नवरदेवाचे बूट मेव्हणीने पळवल्यासारखं दिसतं. पँटची लांबी घोट्याशी संपू दे, बुटावर चुण्या पडल्या की खेळ खलास. स्निकर्स मळले की त्यांना पोशाखात जागा नाही. काळे बूट थोडे मळले तरी पॉलिशने निभावतात, पांढरे निभावत नाहीत. टाय आणि स्निकर्स एकत्र तर कधीच नको. ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक आठवतात? एप्रिल २०२४ मध्ये डाउनिंग स्ट्रीटवरच्या मुलाखतीत पांढरा शर्ट आणि फॉर्मल पँटखाली आदिदासचे सांबा स्निकर्स घालून बसले. लोक इतके हसले की त्यांनी रेडिओवर सांबाप्रेमींची गमतीने माफी मागितली. पंतप्रधानाने बूट घालून नियम मोडला, असं कोणी म्हटलं नाही. तरुण दिसायची धडपड दिसली, तीच लोकांना खटकली.

तुझ्या टीममधली ती मुलगी सुटावर स्निकर्स घालते आणि तिला कोणी काही म्हणत नाही, असं तू किंचित तक्रारीच्या सुरात लिहिलंयस. तिची तुलना स्वतःशी करू नकोस. बायकांच्या पायात "फॉर्मल" म्हणून काय सरकवलं गेलं ते आठव. डिसेंबर २०१५ मध्ये लंडनला निकोला थॉर्प या रिसेप्शनिस्टला, उंच टाचा घालायला नकार दिला म्हणून, पहिल्याच दिवशी बिनपगारी घरी पाठवलं होतं. तिच्या अर्जावर दीड लाख लोकांनी सह्या केल्या, प्रकरण संसदेत गेलं. मी स्वतः उभ्या आयुष्यात टाचा घातल्या नाहीत आणि तिलाही घाल म्हणणार नाही. तुझ्यावर असलं कुठलंच संकट नाही. पुरुषांचा फॉर्मल बूट सपाट असतो. तो चावतो याचं कारण बहुतेक वेळा चुकीचं माप.

म्हणून आता मापाचं. तू फॉर्मल बूट "लागतात" म्हणून सोडलेस. बूट घ्यायला संध्याकाळी जा, दिवसभर चालून पाय सुजलेला असतो तेव्हा. दोन्ही पायांत घाल आणि दुकानात पाच मिनिटं चाल, एका पायात घालून उठू नकोस. मोजे तेच ने, जे सुटाबरोबर घालणार आहेस. आपल्याकडे पुष्कळांचे पाय पुढून रुंद असतात, त्यांना लेसपट्टी खाली शिवलेल्या ऑक्सफर्ड बुटापेक्षा मोकळ्या पट्टीचा डर्बी सोयीचा पडतो, कारण लेस सोडली की तो दोन्ही बाजूंनी उघडतो. काळा किंवा गडद तपकिरी, पुढे टोक फार निमुळतं नसलेला, तळाला रबर. मुंबईत चामड्याचा तळ हौसेपुरता, स्टेशनच्या ओल्या फरशीवर तो घसरतो. त्या स्निकर्सना तू दिलेस तेवढ्या पैशांत असा जोड सहज येतो. आणि शिंप्याकडे पँटची लांबी ठरवताना तोच बूट पायात असू दे.

पावसाळ्याचं तू विचारलं नाहीस, पण बैठक जुलैत आहे. बीकेसीला कुर्ल्याहून येताना सुटाखाली चामड्याचे बूट घालून पाण्यात उतरलास तर तो जोड गेला. मुंबईकर काय करतात ते कर: प्रवासात फ्लोटर किंवा रबरी पावसाळी चपला, फॉर्मल जोड ऑफिसच्या खणात. भिजलेच तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेव, उन्हात किंवा हीटरसमोर नको, चामडं तडकतं. बंद कपाटात तर ठेवूच नकोस, आठवड्यात बुरशी येते. बैठकीच्या दिवशी सकाळी प्लॅटफॉर्मवरच्या बूटपॉलिशवाल्यासमोर पाय ठेव. ते लोक तुझ्यामाझ्यापेक्षा चांगली पॉलिश करतात.

टाच दुखते, डॉक्टरांनी मऊ बूट सांगितलेत, असं काही असेल तर वरचं सगळं बाजूला ठेव. काळे, साधे, मऊ तळाचे बूट घे आणि बिनधास्त आत जा. कोणी विचारलं तर एका वाक्यात सांग. दुखणं लपवायला लंगडत जाण्यात काही शौर्य नाही. तसंच फॅक्टरीत स्टॉक मोजायला जाशील तेव्हा सूटही नको आणि स्निकर्सही नकोत, गेटवर सेफ्टी शूज मागून घे. चाकणच्या प्रेस शॉपमध्ये आपण गेलो होतो तेव्हा सुपरवायझरने आधी तुझ्या पायाकडे बघितलं होतं, आठवतंय ना?

मग स्निकर्स कधी? शुक्रवारी घाल, टीमच्या बैठकीत घाल, ट्रेनिंगला घाल. कमिटीपुढे दोन-तीन वेळा उभा राहा. अध्यक्ष स्वतःहून तुझ्याकडे वळून "या मुद्द्यावर तुमचं काय मत?" असं विचारायला लागले, की मला पत्र लिहायची गरज राहणार नाही, तेव्हा काय चालतं ते तुझं तुलाच कळेल. कदाचित तोवर तुला स्निकर्सचा कंटाळाही आलेला असेल.

टायबद्दलही विचारलं होतंस. बोर्डरूमच्या एसीत चालेल, पण आधी तुमच्या कंपनी सेक्रेटरींना फोन कर आणि सदस्य टाय लावतात का ते विचार. ते कोणत्याही पॉलिसीपेक्षा खरं उत्तर देतील. लावत असतील तर गडद, बिनचकाकीचा. आणि स्लाइड क्रमांक सहावरची बेरीज पुन्हा तपास, मला ती जुळलेली दिसली नाही.

तुझी,
मॅडम