१९५७ च्या नाण्यावर 'नया पैसा' आणि 'रुपये का सौवाँ भाग' असं का लिहिलंय? ते कुठे पाडलं असेल?

तुमच्याकडचा ब्राँझचा पैसा दशमान पद्धतीच्या पहिल्याच वर्षाचा आहे. १९५५ साली नाणे कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले. त्याआधी सोळा आण्यांचा रुपया, आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट.

जुनी नाणी मात्र लगेच बाद झाली नाहीत. काही वर्षं एकाच खिशात दोन्ही पैसे असायचे आणि जुना पैसा नव्याच्या दीडपटीहून थोडा जास्तच मोलाचा. गल्लत झाली तर फटका बसणार मोजून पैसे खर्च करणाऱ्यालाच. म्हणून नाव वेगळं ठेवलं आणि रुपयाचा कितवा हिस्सा तेही नाण्यावर छापलं. दोन पैशांवर 'पचासवाँ भाग', पाचावर 'बीसवाँ', दहावर 'दसवाँ'. सामान्य माणसाची इतकी काळजी घेणारी नाणी मला फार मोलाची वाटतात.

हिशेब खरंच किचकट होता. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. पण सुट्या आण्याला ६ धरायचे, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९ आणि चार आण्यांना बरोबर २५. म्हणजे आण्याची वस्तू चार वेळा वेगवेगळी घेतली तर २४ पैसे आणि चारही एकदम घेतल्या तर २५! पावली (चार आणे) आणि अधेली (आठ आणे) तेवढी नव्या हिशेबात चपखल बसली. ५० पैशांचं नवं नाणं तर १९६० साली आलं.

आकारही वेगवेगळे होते. पाच पैसे चौकोनी, दोन आणि दहा नागमोडी कडेचे, त्यातलं दहाचं मोठं. अक्षरओळख नसली तरी हाताला नाणं कळायचं.

आता टांकसाळ. सालाच्या खाली भिंगातून बघा. पत्त्यातल्या चौकटसारखी खूण असेल तर मुंबई, काहीच नसेल तर कलकत्ता. हैदराबादलाही ही नाणी पडली. तिथल्या खुणा बदलत गेल्या, पुढच्या नाण्यांवरची चांदणी त्यातली सगळ्यांत ओळखीची.

१ जून १९६४ पासून 'नया' गेलं आणि १९६५ पासून एक पैसा ॲल्युमिनियमचा, चौकोनी झाला.

एक कळकळीची विनंती: खूण दिसावी म्हणून नाणं चिंचेनं किंवा पावडरीनं घासू नका. त्यावरचा काळसर थर तसाच राहू द्या, संग्राहक तोच आधी बघतात.