सबवूफरचे मिलिमीटर आणि अॅम्प्लिफायरचे वॉट

दांडिया बाजार, बडोदे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले आणि सोबत पाठवलेली डेटाशीटही बारकाईने वाचली. गेल्या नवरात्रात सोसायटीच्या गरब्याला तुझ्या १८ इंची दोन सबवूफरांचा, म्हणजे खालच्या सुरांच्या स्पीकरांचा, बेस मागच्या रिंगणापर्यंत पोहोचला नाही, आणि आता दुकानदार प्रत्येक बॉक्ससाठी १००० ऐवजी २००० वॉटचा अॅम्प्लिफायर घ्यायला सांगतो आहे. तो घ्यावा का, एवढेच तू विचारले आहेस. माझ्या मते घेऊ नये. मात्र केवळ माझ्या सांगण्यावरून थांबू नकोस; कारण समजून घे, म्हणजे पुढची खरेदी तुला स्वतःच्या हिशोबाने करता येईल.

सबवूफरला दोन वेगवेगळ्या मर्यादा असतात. व्हॉइस कॉइल, म्हणजे मॅग्नेटमध्ये हलणारी तारेची गुंडाळी, किती उष्णता सोसू शकते ही एक, आणि तिला जोडलेला कोन, म्हणजे स्पीकरचा हलणारा पडदा, पुढे-मागे किती सरकू शकतो ही दुसरी. ध्वनी-अभियंते नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७२-७३ मध्ये जे लेख लिहिले, त्यांच्यावर आजचे बॉक्सचे सगळे गणित उभे आहे, आणि स्मॉल यांनी तेव्हाच उष्णतेने ठरणारी शक्ती आणि हालचालीने ठरणारी शक्ती यांचा स्वतंत्र विचार केला होता. बाजारात मात्र केवळ वॉट विचारले जातात. तुझ्या डेटाशीटवर १००० वॉट एईएस (ऑडिओ अभियंत्यांच्या संस्थेच्या चाचणीचा आकडा), २००० वॉट प्रोग्राम आणि ४००० वॉट पीक असे तीन आकडे आहेत, पण ती एकाच कॉइलची एकच क्षमता आहे. एईएसच्या चाचणीत दोन तास नॉइज, म्हणजे सलग खरखर, वाजवतात, त्यात सरासरीपेक्षा क्षणिक शिखरे ६ डेसिबलने वर असतात म्हणून पीकचा आकडा चौपट होतो, आणि प्रोग्रामचा आकडा ही केवळ दुप्पट करण्याची रीत आहे. कोन किती सरकेल, याविषयी या तिन्ही आकड्यांतून काहीही कळत नाही.

ते कळते एक्समॅक्सवरून, म्हणजे आवाज न बिघडता कोन एका दिशेला किती सरकू शकतो त्या आकड्यावरून. कॉइलची गुंडाळी मॅग्नेटच्या गॅपपेक्षा (फटीपेक्षा) उंच असते, आणि कोन सरकला तरी जोवर गॅप गुंडाळीने पूर्ण भरलेला आहे तोवर चुंबकीय जोर जवळपास सारखा राहतो. गुंडाळी २४ मिलिमीटर आणि गॅप १० मिलिमीटर असेल, तर फरकाचा निम्मा भाग, म्हणजे एका दिशेला ७ मिलिमीटर, हा साध्या भूमितीने आलेला एक्समॅक्स होय. काही उत्पादक त्यात गॅपचा चौथा हिस्सा मिळवून ९.५ लिहितात, काही तिसरा हिस्सा मिळवून १०.३ लिहितात, आणि काही जण दोन्ही दिशांची बेरीज करून १४ लिहितात. प्रत्यक्ष मोजून काढलेला आकडा सर्वांत भरवशाचा, कारण त्यात चुंबकीय जोर मूळच्या ८२ टक्क्यांवर आला, म्हणजे विकृती सुमारे १० टक्क्यांवर पोहोचली, की रेघ ओढली जाते. दोन स्पीकरांच्या एक्समॅक्सची तुलना करताना तो कोणत्या पद्धतीने काढला आहे हे आधी विचार. त्याशिवाय ती तुलना करू नकोस. एक्समॅक्सच्या पुढे जाताच कोन फाटतो असे नाही, आवाज मात्र बिघडत जातो. खरी इजा त्याच्याही पुढे होते, जिथे स्पायडर (कॉइलला मधोमध धरणारी लवचिक चकती) ताणाच्या टोकाला पोहोचतो किंवा कॉइलचा फॉर्मर (जिच्यावर तार गुंडाळतात ती नळी) मागच्या प्लेटवर आपटतो. ती टकटक ऐकू आली की त्याच क्षणी आवाज कमी करायचा.

आता या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. आवाजाचा दाब कोनाच्या त्वरणावर अवलंबून असतो, म्हणून तेवढाच आवाज एक सप्तक खाली हवा असेल तर कोनाला चौपट सरकावे लागते. बंद बॉक्समध्ये ८० हर्ट्झला २ मिलिमीटर पुरत असतील, तर ४० हर्ट्झला ८ लागतील आणि २० हर्ट्झला ३२, म्हणजे तुझ्या स्पीकरच्या ऐपतीबाहेर. मोकळ्या मैदानात जमिनीवर ठेवलेला १२०० चौरस सेंटिमीटरचा एक कोन ९ मिलिमीटर सरकला, तर ४० हर्ट्झला एक मीटरवर सुमारे ११३ डेसिबल मिळतात. त्यामागे कितीही वॉटचा अॅम्प्लिफायर लावलास, तरी हा हिशोब बदलत नाही.

तुझे बॉक्स पोर्टचे, म्हणजे हवेसाठी उघडी नळी असलेले, आहेत, त्यामुळे चित्र थोडे वेगळे आणि अधिक रोचक आहे. ३८ हर्ट्झच्या ट्यूनिंगजवळ, म्हणजे पोर्टमधली हवा ज्या सुराला घुमते त्याच्याजवळ, बहुतेक आवाज पोर्टमधून येतो आणि कोन जवळजवळ स्थिर राहतो. तिथे धोका हालचालीचा नसून उष्णतेचा असतो, कारण न हलणाऱ्या कॉइलला वाराही कमी मिळतो. त्याच्या वर, ५० ते ६० हर्ट्झच्या पट्ट्यात, जिथे किक आणि सिंथचा बेस सर्वाधिक असतो, हालचाल पुन्हा वाढते. तुझे आकडे विनआयएसडी या बॉक्सचे गणित करणाऱ्या संगणक-प्रणालीत घालून पाहिले, तर याच पट्ट्यात १००० वॉटला कोन ९ मिलिमीटरच्या आसपास पोहोचतो. शक्ती दुप्पट केलीस तर हालचाल १.४१ पट, म्हणजे साधारण १३ मिलिमीटर होईल, आणि त्या बदल्यात जास्तीत जास्त ३ डेसिबल मिळतील, तेही विकृतीसह. ट्यूनिंगच्या खाली तर बॉक्समधल्या हवेचा कोनाला आधारच राहत नाही. २८ हर्ट्झला अवघे ३०० वॉटही एक्समॅक्स ओलांडायला पुरतात. म्हणून ३५ हर्ट्झचा, २४ डेसिबल प्रतिसप्तक उताराचा हाय-पास फिल्टर (त्याखालचे सूर अडवणारा) डीएसपीमध्ये, म्हणजे सिग्नल घडवणाऱ्या यंत्रात, लावल्याशिवाय हे बॉक्स कधीही वाजवू नकोस. ऐकणाऱ्याला काही कमी झाल्याचे जाणवतही नाही, आणि फुकट जाणारी हालचाल वाचते.

उष्णतेचेही नीट ध्यानात घे. सबवूफरला दिलेल्या शक्तीपैकी जेमतेम तीन टक्के आवाज होतो, बाकीची उष्णता होते. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. कॉइल १८० अंशांनी तापली की तो १.७ पट होतो, आणि तेवढ्याच व्होल्टेजला शक्ती जवळपास ६० टक्क्यांवर येते. रात्री उशिरा बेस बसला असे वाटून फेडर (आवाजाची सरकपट्टी) वर करण्याचा मोह होतो तो यामुळेच, आणि कॉइल जळतात त्याही अशाच वेळी. अॅम्प्लिफायर क्लिप झाला, म्हणजे क्षमतेबाहेर जाऊन लहरींची टोके कापू लागला, की डीसी (एकाच दिशेचा प्रवाह) जाऊन स्पीकर जळतो, हा समज सोडून दे. क्लिपिंगमुळे सरासरी शक्ती वाढते, अगदी ठरलेल्या आकड्याच्या दुपटीपर्यंत, आणि कॉइल त्या वाढलेल्या सरासरीने तापते. लिमिटर, म्हणजे ठरलेल्या मर्यादेवर सिग्नल रोखणारी सोय, दोन लाव. काही सेकंदांची सरासरी पाहणारा एक लिमिटर उष्णतेसाठी, ५०० वॉटवर, म्हणजे ८ ओहमला ६३ व्होल्टवर ठेव. झटपट चालणारा दुसरा हालचालीसाठी, १२६ व्होल्टच्या शिखरावर ठेव. चाचणी दोन तासांची असते आणि गरबा त्याहून जास्त वेळ चालतो, म्हणून पहिला आकडा मी मुद्दाम निम्मा धरला आहे.

आता खरेदीकडे वळू. नवा अॅम्प्लिफायर न घेता आहेत तसेच आणखी दोन बॉक्स घे. तुझा अॅम्प्लिफायर ४ ओहमला दर चॅनेल १७०० वॉट देतो. प्रत्येक चॅनेलवर दोन बॉक्स समांतर जोडलेस, की प्रत्येकाला ८५० वॉट मिळतील. एकूण शक्ती सव्वादोन डेसिबलने वाढेल, चारही बॉक्स शेजारी-शेजारी ठेवल्यामुळे कोनांचे क्षेत्रफळ दुप्पट होऊन आणखी ३ डेसिबल मिळतील, आणि प्रत्येक कोन पूर्वीपेक्षा कमी सरकेल. त्यांना रंगमंचाच्या दोन टोकांना वाटू नकोस. मधोमध एकत्र ठेव. नवलखीसारख्या मोकळ्या मैदानात भिंतींची मदत नसते, तिथे हे पाच डेसिबल प्रत्येकाला जाणवतील. जुन्या शहरातल्या पोळात, म्हणजे अरुंद गल्लीच्या वस्तीत, मात्र भिंती बेस वाढवतात, तिथे दोनच बॉक्स ने. मोजणारे यंत्र ए-वेटिंगवर (कानाच्या संवेदनेनुसार खालचे सूर कमी धरणाऱ्या मोजणीवर) असेल तर ५० हर्ट्झचा आवाज ते ३० डेसिबलने कमी धरते, त्यामुळे आकडा ठीक दिसला तरी शेजारच्या आजारी माणसाला तो बेस सोसतोच असे नाही. तिथे माणसाला विचारून आवाज ठेव.

४ ओहमवर केबल अधिक खाते. अडीच चौरस मिलिमीटरची ३० मीटर केबल जाऊन-येऊन ०.४४ ओहम होते आणि जवळपास एक डेसिबल तिथेच संपतो, म्हणून अॅम्प्लिफायर बॉक्सच्या शेजारी ठेव आणि लांबी सिग्नलच्या केबलला दे. जनरेटरसाठी गरब्याच्या सलग बेसला पूर्ण शक्तीचा तिसरा हिस्सा धर. ३४०० वॉटचे साधारण ११५० होतात, क्लास-डी प्रकारच्या अॅम्प्लिफायरच्या ८० टक्के कार्यक्षमतेने १४०० वॉट, आणि पॉवर फॅक्टर सुधारणारी सोय नसेल तर दोन केव्हीएहून थोडे अधिक. हा केवळ सबचा हिशोब आहे. वरचे स्पीकर आणि मिक्सर वेगळे धर, क्षणिक मागणीसाठी राखीव ठेव, आणि रोषणाईचा फेज यापासून स्वतंत्र माग.

गणेशोत्सवाआधी एका रविवारी एक बॉक्स आणि डीएसपी घेऊन घरी ये. इम्पीडन्सच्या (स्पीकरच्या विद्युत-रोधाच्या) दोन शिखरांमधली दरी नेमकी कोणत्या हर्ट्झवर आहे, म्हणजे खरे ट्यूनिंग किती, ते मोजू. सुताराने पोर्ट थोडा आखूड कापला असेल, तर ट्यूनिंग ३८ ऐवजी ४१ निघेल, आणि मग फिल्टरही ३५ वरून ३८ वर न्यावा लागेल.

कळावे, आशीर्वाद.

तुझा काका