पत्रकात 3,999, हिशेबात 43,294

प्रश्न : मी इंदूरच्या लोकमान्य नगरात राहते, वय 51. वर्तमानपत्रातून वजन कमी करणाऱ्या एका सेंटरचं हिंदी पत्रक आलं, ‘10 किलो वजन कम, सिर्फ 3,999 में’. गेल्यावर कळलं, 3,999 दरमहा आणि किमान सहा महिने. शिवाय प्यायच्या शेकची पावडर दरमहा 2,800, नोंदणी 2,500. मुलाचं लग्न तोंडावर, तिथल्या मॅडम उठू देईनात. मी 5,000 भरले, बाकीचं त्यांनी तिथेच फायनान्स कंपनीचं कर्ज करून दिलं. तीन आठवड्यांत चक्कर येऊ लागली, डॉक्टरांनी सगळं बंद करायला सांगितलं. सेंटर म्हणतं, फॉर्मवर ‘नॉन रिफंडेबल’ छापलंय आणि खाली तुमची सही आहे. यजमानही म्हणतात, आता विसर. खरंच पैसे बुडाले?

उत्तर : ताई, नाही. त्या सहीची एवढी धास्ती घेऊ नका. सही फॉर्मवर आहे, पण तुम्हाला त्या खुर्चीपर्यंत नेलं ते पत्रकाने, आणि कायदा पत्रकही बघतो.

तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. 3,999 हा आकडा अर्धं पान व्यापून बसलाय. त्याच्या शेजारी एक बारीक चांदणी. तिचा खुलासा पार तळाला, छापखान्याच्या नावाजवळ, तिळाएवढ्या अक्षरांत आणि तोही इंग्रजीत. जून 2022 पासून लागू असलेल्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार जाहिरातीतला खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि दाव्याच्याच टाइपात हवा. दावा हिंदीत, अट इंग्रजीत, इथेच ते चुकले. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणं हीसुद्धा दिशाभूल करणारी जाहिरात ठरते. 23,994 फी, 16,800 पावडर, 2,500 नोंदणी, एकूण 43,294. जाहीर किमतीच्या दहापटीहून जास्त. म्हणून ते मूळ पत्रक जिवापाड जपा, घडी घालून कुठेतरी कोंबू नका.

‘नॉन रिफंडेबल’बद्दल. सेवा सदोष असेल तर ती थांबवून बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर 30 दिवसांत, पैसे परत न करणं याच कायद्याने अनुचित व्यापार प्रथा मानलीय. मात्र दोष दाखवावा लागेल. फॉर्म पुन्हा वाचा : बीपी, शुगर, थायरॉइड, चालू औषधं यांबद्दल एक तरी प्रश्न आहे का? पन्नाशीच्या बाईला तब्येत न विचारता शेकवर ठेवलं असेल, तर माझ्या मते तुमची बाजू इथेच सर्वांत भक्कम आहे. तीन आठवड्यांची सेवा तुम्ही घेतलीत, तेवढी रक्कम ग्राहक आयोग कापू शकतो. तेव्हा उरलेल्या रकमेचा नेमका हिशेब मांडा, लाखोंची भरपाई मागू नका.

आधी सेंटरला स्पीड पोस्टाने 15 दिवसांची लेखी नोटीस द्या. दाद मिळाली नाही तर इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. सेंटरचं मुख्य कार्यालय दुसऱ्या शहरात असलं तरी तुम्ही राहता तिथे तक्रार चालते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. वकील नसला तरी चालतो. एक खबरदारी घ्या : तक्रारीत ‘अन्यायकारक करार’ हा मुद्दा घालू नका. तो ऐकण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला नाही, त्यासाठी भोपाळला राज्य आयोगात जावं लागतं. सदोष सेवा आणि अनुचित व्यापार प्रथा एवढ्यावरच लढा. जाहिरातीची वेगळी तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे जरूर करा, म्हणजे पुढची बाई तरी वाचेल. तुमचे पैसे मात्र आयोगातूनच मिळवायचे.

कर्जाचे हप्ते रागाच्या भरात थांबवू नका. फायनान्स कंपनीच्या लेखी तुम्ही कर्जदार आहात, हप्ता चुकला तर दंड आणि सिबिल तुमच्याच माथी. तिलाही आजच ईमेलने वाद कळवा, तक्रारीत तिलाही विरुद्ध पक्ष करा आणि हप्ते स्थगित करण्यासाठी अंतरिम आदेश मागा. तो मिळेपर्यंत भरत राहा.

न उघडलेले डबे फेकू नका. एमआरपी, बॅच आणि 14 आकडी एफएसएसएआय (अन्न सुरक्षा परवान्याचा) क्रमांक यांचे फोटो घ्या. छापील किमतीपेक्षा जास्त घेतले असतील, तर ती तक्रार नापतौल (वजनमापे) विभागाकडे वेगळी होते. मॅडमचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेजही पुसू नका.

आणि डॉक्टरांनी ‘बंद करा’ हे तोंडी सांगितलं असेल तर उद्याच जाऊन ते चिठ्ठीवर लिहून घ्या, पहिल्यांदा दाखवलंत ती तारीख आणि त्या दिवशीचं बीपी यांसह.