त्या रात्री स्तोत्र म्हणायचं राहून गेलं

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्याच एका ओळीशी अडकले, "ताई, रोज म्हणते, फक्त त्या एका रात्री नाही म्हटलं आणि त्याच रात्री झालं." किती दिवस हे मनात घेऊन फिरतेयस तू, आणि घरात कुणाला पत्ताच नाही.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. ही बाई लग्न झाल्यापासून रोज रात्री बायबलमधलं ९१ वं स्तोत्र म्हणून, नवऱ्याचं आणि दोन्ही मुलांचं नाव घेऊन मगच झोपायची. तीन महिन्यांपूर्वी धाकट्याला सणकून ताप होता, त्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवता ठेवता तिथेच डोळा लागला आणि स्तोत्र राहिलं. पहाटे फोन आला, नाइट शिफ्टवरून येताना नवऱ्याच्या बाईकला मागून गाडीने उडवलं. जीव वाचला, पायात रॉड टाकलाय, आता वॉकर घेऊन घरातल्या घरात चालतो. पण तेव्हापासून हिची रात्र म्हणजे परीक्षा झालीये, अंधारात बसून स्तोत्र म्हणायचं, एक शब्द चुकला किंवा मध्येच मन दुसरीकडे गेलं की परत पहिल्या ओळीपासून, तीनदा, पाचदा, कधी कधी दोन वाजतात. त्यात मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका बाईंनी सांगितलं की तुझी प्रार्थना कमी पडली म्हणून सैतानाला दार मोकळं मिळालं. आणि हिने मला विचारलंय, देव खरंच राखतो का, राखत असेल तर त्या रात्री कुठे होता, आणि हे सगळं नवऱ्याला सांगू का.

आधी त्या बाईंचं बोलणं बाजूला ठेवू, कारण ते चूक आहे. कदाचित त्यांनी काळजीनेच म्हटलं असेल, पण आजारी लेकराच्या उशाशी थकून झोपलेल्या आईला असं बोलायचा हक्क कुणालाच नाही, आणि स्तोत्रांमध्ये तर याला काहीच आधार नाही. उलट १२१ वं स्तोत्र उघडून बघ, आठच ओव्या आहेत. त्यात राखणाऱ्याबद्दल काय सांगितलंय, तर तो डुलकी घेत नाही, झोपत नाही. मूळ हिब्रूमध्ये राखण करणे हे एकच क्रियापद त्या आठ ओव्यांत सहा वेळा येतं, सहा वेळा! आणि सहाही वेळा राखणारा तोच आहे, आपण नाही. तू झोपलीस म्हणून तो झोपला असं होत नाही गं. तुझ्या घरावरचा पहारा तुझ्या जागण्यावर कधी अवलंबूनच नव्हता. १२७ व्या स्तोत्रात तर सरळच म्हटलंय की परमेश्वर नगर राखत नसेल तर पहारेकऱ्याचं जागणं फुकट, आणि पुढच्याच ओवीत झोपेचा विषय येतो, तो आपल्या लाडक्यांना झोप देतो. तापलेल्या मुलाच्या शेजारी तुला त्या रात्री जी झोप लागली ना, तिला तू तीन महिने गुन्हा समजतेयस. मला ती त्याने दिलेली वाटते.

आता तुझा खरा प्रश्न, मग अपघात का झाला. मला माहीत नाही. तुला बरं वाटावं म्हणून एखादं कारण बनवून सांगितलं तर ते दोन दिवस टिकेल आणि तिसऱ्या रात्री तू परत दोन वाजेपर्यंत जागी असशील. पण ९१ वं स्तोत्र तू पाठ म्हणतेस, तर त्याचा शेवट जरा हळू वाच. सुरुवातीला पंख आहेत, ढाल आहे, पारध्याच्या पाशातून सोडवणं आहे, रात्रीचं भय, दिवसा सुटणारा बाण, मरी, सगळं काही आहे आणि आपण त्याच ओळी जोरात म्हणतो कारण आपल्याला त्याच हव्या असतात. पण शेवटच्या तीन ओव्यांत बोलणारा बदलतो, तिथे देव स्वतः बोलतो, आणि १५ व्या ओवीत तो म्हणतो की संकटाच्या वेळी मी त्याच्याजवळ असेन. म्हणजे संकट येईल हे त्याच स्तोत्रात धरलेलं आहे. ३४ व्या स्तोत्रातही तसंच, नीतिमान माणसाला पुष्कळ दुःखं भोगावी लागतात असं तिथे स्वच्छ लिहिलंय. रक्षण म्हणजे आपल्या घरावरून वादळ जाणारच नाही एवढाच अर्थ मला या स्तोत्रांतून घेता येत नाही, वादळात तुझ्याशेजारी कोण असेल तेवढं मात्र पुन्हा पुन्हा सांगतात.

आणि अजून एक गोष्ट, ही मला स्वतःला खूप उशिरा लक्षात आली. ९१ व्या स्तोत्रातल्या ११ आणि १२ या ओव्या, दूत तुला हातांवर झेलतील त्या, शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, कुणी म्हटल्यात माहितीये? सैतानाने. मत्तयच्या ४ थ्या अध्यायात आहे, लूकमध्येही आहे. तो प्रभू येशूला मंदिराच्या शिखरावर उभा करतो आणि म्हणतो, टाक उडी, वचन आहेच की. म्हणजे हे स्तोत्र गॅरंटी कार्डासारखं वापरून दाखव, मी इतकं म्हटलं आता तू इतकं कर, आणि प्रभूने नेमकं तेच नाकारलं, देवाची परीक्षा पाहू नको म्हणाला. तू काही वाईट हेतूने करत नाहीयेस, तू घाबरलेली आहेस म्हणून करतेयस, तो फरक मला कळतो आणि देवाला माझ्यापेक्षा जास्त कळतो. पण बघ ना, ज्या स्तोत्रात पंखांखाली आसरा आहे तेच स्तोत्र आज तुझं कुलूप झालंय, नीट लावलं नाही तर चोर येईल असं. वचन इतकं ओझं होत असेल तर ते धरायची रीत कुठेतरी बदलायला हवी.

शब्द चुकतो म्हणून तू परत पहिल्यापासून सुरू करतेस. १३९ व्या स्तोत्रात चौथी ओवी आहे, माझ्या जिभेवर शब्द येण्याआधीच तो तुला पूर्ण ठाऊक असतो, अशा अर्थाची. ज्याला शब्द निघायच्या आधीच कळतो त्याला तुझी चुकलेली ओळ दुरुस्त करून ऐकायला किती वेळ लागणार? आणि १०३ व्या स्तोत्रात आहे की आपण माती आहोत हे त्याच्या लक्षात आहे, म्हणजे आपण थकतो, विसरतो, वाक्याच्या मध्येच घोरायला लागतो हे त्याला नवीन नाही.

माझी आई गेली त्या आजारपणाची एक गोष्ट सांगते. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मी तिचं जुनं बायबल मांडीवर धरून होते, कव्हर निघालेलं, ९१ व्या स्तोत्राचं पान इतकं हाताळलेलं की कडेला पिवळं पडून मऊ झालेलं, बोटाला कापडासारखं लागायचं. मी ते पान उघडलं आणि मला एक ओळसुद्धा म्हणता येईना, घसाच बंद. मग मी नुसती पानं मागे मागे उलटत गेले आणि १३ वं स्तोत्र लागलं. सुरुवातीलाच "किती वेळ?" असं चार वेळा विचारलंय. किती वेळ मला विसरशील, किती वेळ तोंड लपवशील... आणि तिथे आईने पेन्सिलीने एक बारीक रेघ मारून ठेवली होती. मला कधी माहीतच नव्हतं. आम्हाला रोज रात्री ९१ वं म्हणायला लावणारी माझी आई कधीतरी एकटी बसून "किती वेळ" म्हणत होती. त्या रेघेवर अंगठा ठेवून मी तासभर बसले असेन, प्रार्थना म्हणून दुसरं काही झालंच नाही माझ्याकडून. आई चार दिवसांनी गेली. पण मी तिथे एकटी नव्हते हे मी आजही कुणालाही छातीवर हात ठेवून सांगेन.

म्हणून म्हणते, तू एकाच स्तोत्रापाशी अडकून राहिलीयेस, दीडशे आहेत गं! त्यातली कितीतरी रडणाऱ्या, घाबरलेल्या, चिडलेल्या माणसांची आहेत. ८८ वं तर अंधारातच संपतं, शेवटी एक आशेची ओळसुद्धा नाही आणि तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलंय, कुणी गाळलं नाही. ६ व्या स्तोत्रात तो माणूस रडून रडून अंथरूण भिजवतो. ५६ व्यात दावीद, ज्याच्या नावावर यातली बरीच स्तोत्रं आहेत तो, शत्रूंच्या म्हणजे पलिष्ट्यांच्या तावडीत सापडलाय आणि म्हणतो, मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवीन. तो "भीती वाटेल तेव्हा" म्हणतो, भीती आणि भरवसा एकाच वाक्यात एकाच माणसाच्या तोंडी आहेत. त्याच स्तोत्रात तो सांगतो की माझी आसवं तू बुधलीत भरून ठेवलीस. भीती वाटली म्हणजे विश्वास कमी हे तुला ज्याने कुणी शिकवलं त्याने दाविदाला नीट वाचलेलं नाही. आणि प्रभू वधस्तंभावर असताना "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास" ही २२ व्या स्तोत्रातली पहिली ओळ त्याच्या तोंडी आली. "त्या रात्री तू कुठे होतास" हे तू मला विचारलंस, ते त्यालाच विचार, मोठ्याने विचार हवं तर, तो तुझ्यावर रागावणार नाही.

रात्रीसाठी सांगू? काही दिवस ९१ वं बाजूला ठेव. मला माहितीये हे वाचूनच तुझ्या पोटात गोळा आला असेल, काही झालं तर म्हणून. पण ते दिवसा वाच, उजेडात, भाजी निवडताना, आणि एकदाच. रात्री चौथं स्तोत्र घे, त्याची शेवटची ओवी, मी निवांत पडतो आणि लगेच झोपी जातो कारण मला निर्भय राखणारा तूच आहेस. चौथं, ९१ वं आणि १३४ वं ही तीन स्तोत्रं संत बेनेडिक्टच्या मठांतले लोक सहाव्या शतकापासून झोपण्याआधीच्या प्रार्थनेत म्हणत आलेत, म्हणजे रात्रीची भीती काही तुला एकटीला नाहीये. ती एक ओवी म्हण, मुलांची नावं घे आणि आडवी हो. चुकली तर चुकली, परत म्हणायची नाही. पहिल्या चार-सहा रात्री छाती धडधडेल, हात आपोआप जोडले जातील, मन म्हणेल अजून एकदाच. तेव्हा नुसतं "प्रभू, आता पहारा तुझा" एवढं बोल आणि तशीच पडून राहा, धडधड असू दे, ती हळूहळू उतरते.

आणि हे मात्र मनावर घे. एकच भीतीचा विचार सारखा डोक्यात येणं आणि तो शांत व्हावा म्हणून तेच तेच ठरलेल्या पद्धतीने पुन्हा पुन्हा करावं लागणं, याला डॉक्टर ओसीडी म्हणतात, ते प्रार्थनेच्या रूपातही येऊ शकतं आणि त्याला उपचार आहेत, समुपदेशन आहे, गरज पडली तर औषधं आहेत. केल्यावर घटकाभर बरं वाटतं आणि त्या बरं वाटण्यानेच ते चक्र अजून घट्ट होत जातं, असं त्याचं काम चालतं. तुला तेच झालंय असं मी इथे बसून ठरवू शकत नाही, ते माझं कामही नाही, पण रात्रीचे दोन वाजतायत, शिवाय अपघाताचा धक्काही आहे, तर एकदा मानसोपचारतज्ज्ञाला दाखवच. नवऱ्याच्या पायात रॉड घातला तेव्हा कुणी म्हटलं नाही की विश्वास कमी होता म्हणून डॉक्टर लागला, मग तुझ्या मनालाच वेगळा न्याय का? तुमच्या चर्चचे पाळक समजूतदार असतील तर त्यांच्याशीही बोल, नसतील तर मंडळीतली एखादी अशी बाई शोध जी सल्ला न देता नुसती शेजारी बसेल.

राहिला नवऱ्याचा प्रश्न. सांग. आजच सांग. तुला वाटतंय तो म्हणेल तुझ्यामुळे झालं, पण ज्या माणसाबद्दल तू लिहिलंयस की वॉकर धरून उभं राहून तुझ्यासाठी चहा करतो, तो असं म्हणेल असं मला नाही वाटत. आणि सांगून झालं की त्याला एक काम दे. १२१ व्या स्तोत्रात पहिल्या दोन ओव्या "मी" म्हणून आहेत, मला साहाय्य कुठून येईल, आणि तिसऱ्या ओवीपासून एकदम "तुझा" सुरू होतं, तो तुझा पाय ढळू देणार नाही, तुझा राखणारा झोपणार नाही. जणू पहिला माणूस घाबरून विचारतोय आणि दुसरं कुणीतरी शेजारी बसून त्याला सांगतंय. ते स्तोत्र एकट्याने म्हणायचं नाहीच, कुणीतरी आपल्याला म्हणून दाखवायचंय. इतकी वर्षं तू त्याच्यावरून म्हटलंस, आता काही रात्री पुस्तक त्याच्या हातात दे, तू पांघरूण घेऊन पड, आणि त्याचं वाचून व्हायच्या आधीच तुझा डोळा लागला तर लागू दे.

तुझी ताई