टीव्हीवरचं बोलणं नीट कळत नाही; छोटा साउंडबार घेऊन फरक पडेल का? कोणता घ्यावा आणि कसा जोडावा?

तुम्ही लिहिलंय की ४३ इंची टीव्ही टेबलावर ठेवलाय, बसायची जागा अडीच मीटरवर आहे, टीव्हीच्या दोन पायांमध्ये ६५ सेंटिमीटर जागा आहे आणि स्क्रीनच्या खाली ७ सेंटिमीटर. पात्रं बोलायला लागली की आवाज वाढवावा लागतो आणि संगीत सुरू झालं की लगेच कमी करावा लागतो.

फरक पडेल, आणि पहिल्याच दिवशी जाणवेल. फक्त छोट्या साउंडबारकडून मुख्य अपेक्षा एकच ठेवा: बोलणं स्पष्ट ऐकू यावं. थिएटरसारखा दणका हवा असेल तर हा तुमच्या उपयोगाचा नाही. संवाद कळावेत एवढंच हवं असेल तर मात्र याच्याइतका सोपा उपाय दुसरा नाही.

आधी दुखणं काय आहे ते बघू, कारण निवड त्यावरच ठरते. पातळ टीव्हीत स्पीकरला समोर तोंड करून बसायला जागाच उरत नाही, म्हणून ते खाली किंवा मागे तोंड करून बसवतात. आवाज टेबलावर किंवा भिंतीवर आपटून मग तुमच्याकडे येतो. स, श, त, क, फ ही व्यंजनं आपण ओळखतो ती मुख्यतः २,००० हर्ट्झच्या वरच्या आवाजामुळे. हा बारीक आवाज जाड आवाजासारखा कोपरे वळून येत नाही, वाटेतच विरतो. स्वर पोचतात आणि व्यंजनं गळतात; कोणीतरी बोलतंय एवढं कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. त्यात चित्रपटाचा आवाज ५.१ असेल, म्हणजे वेगवेगळ्या स्पीकरसाठी सहा चॅनेलमध्ये (आवाजाच्या वेगळ्या वाटांमध्ये) विभागलेला असेल, तर संवाद मधल्या वेगळ्या चॅनेलवर असतात. टीव्ही ते संगीताबरोबर कालवून दोन स्पीकरमधून सोडतो.

म्हणजे आपल्याला हवाय समोर तोंड असलेला स्पीकर, आणि जमलं तर संवादांसाठी वेगळा. साउंडबारवरच्या आकड्यांतला पहिला आकडा चॅनेलचा, दुसरा सबवूफरचा (फक्त जाड आवाजासाठीच्या वेगळ्या स्पीकरचा) आणि तिसरा असलाच तर छताकडे तोंड केलेल्या स्पीकरचा. २.० म्हणजे डावा-उजवा, ३.१ म्हणजे डावा, मधला, उजवा आणि सबवूफर. तुमच्या जागेत मावणारा ३.० किंवा ३.१ मिळाला तर तोच घ्या. छोट्या मापात बहुतेक २.० आणि २.१ च मिळतात, त्यातही संवाद उचलून देणारा मोड असला तर काम होतं. ५० सेंटिमीटरच्या एकट्या पट्टीवर ५.१ लिहिलं असेल तर त्या आकड्यासाठी जास्त पैसे देऊ नका. ४५ सेंटिमीटरचा बार अडीच मीटरवरून बघितला तर जेमतेम १० अंशांच्या कोनात मावतो. नीट डावं-उजवं जाणवायला दोन स्पीकर ६० अंशांच्या आसपास लागतात. मागून येणाऱ्या आवाजाचा आभास सॉफ्टवेअर करतं, आणि तो मोड चालू केला की संवाद बऱ्याचदा पातळ होतात. तुमच्या कामासाठी तो बंदच ठेवा.

वॅटवर फार जाऊ नका. पीएमपीओ हा क्षणभराच्या जोराचा फुगवलेला आकडा सरळ सोडून द्या, आरएमएस म्हणजे सतत मिळणारे वॅट बघा. वॅट दुप्पट झाले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे कळेल न कळेल इतका. तुमच्या अंतराला खरे ३०-४० वॅट भरपूर झाले.

बेसचं गणित कडक आहे. तेवढ्याच जोराने निम्म्या हर्ट्झचा आवाज काढायचा तर स्पीकरला चौपट हवा ढकलावी लागते. छोट्या पट्टीत तेवढी जागा नसते, म्हणून साधारण ८०-१०० हर्ट्झच्या खाली ती थकते. संवादांना त्याने काही बिघडत नाही. स्फोट आणि ढोलही अंगावर यायला हवे असतील तर वेगळा सबवूफर सोबत असलेला, किंवा निदान नंतर जोडता येईल असं आउटपुट असलेला बार बघा.

माप घेताना लांबी ६० सेंटिमीटरच्या आत आणि उंची रबरी पायांसकट ६ ते साडेसहा सेंटिमीटर धरा. त्याहून उंच बार स्क्रीनची खालची पट्टी झाकतो, आणि सबटायटल्स नेमकी तिथेच असतात. रिमोटचा किरण पकडणारा डोळाही टीव्हीच्या खालच्या कडेलाच असतो. खरेदीआधी एक करून बघा: बारच्या उंचीची आणि लांबीची पुठ्ठ्याची पट्टी कापा, टेबलाच्या पुढच्या कडेवर उभी करा आणि नेहमीच्या जागी बसून रिमोट चालवा. टीव्ही ऐकत नसेल तर त्या उंचीचा बार घेऊ नका.

आता जोडणी. चुका सर्वात जास्त इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टीव्हीच्या मागे एचडीएमआयची दोन-तीन पोर्ट असतात. त्यांतल्या एकाच्या शेजारी एआरसी किंवा ईएआरसी अशी अक्षरं छापलेली असतात. एरवी एचडीएमआय पोर्ट टीव्हीत आवाज-चित्र आत घेतं. हे एक पोर्ट आवाज उलट बाहेरही पाठवतं. ही सोय २००९ साली एचडीएमआय १.४ बरोबर आली, त्यामुळे बऱ्याच जुन्या टीव्हींतही सापडते. ईएआरसी ही पुढची आवृत्ती, २०१७ च्या एचडीएमआय २.१ मधली. दोन चॅनेलच्या बारला तिच्यामुळे आवाजात काही जास्त मिळत नाही, तेव्हा तेवढ्यासाठी महाग मॉडेल घेऊ नका. पण साधं एआरसी मात्र बारमध्ये हवंच. त्यामुळे टीव्हीच्याच रिमोटवर आवाज कमी-जास्त होतो आणि टीव्हीबरोबर बारही चालू-बंद होतो. घरात वयस्कर माणसं असतील तर एक रिमोट की दोन यावरच बार वापरला जातो की पडून राहतो हे ठरतं.

केबल टीव्हीच्या एआरसी पोर्टमधून बारच्या एआरसी लिहिलेल्या पोर्टमध्ये जाते. बारला दोन पोर्ट असतील तर 'इन' लिहिलेल्यात घालू नका. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी चालू करा. सीईसी म्हणजे एका केबलवर जोडलेल्या यंत्रांनी एकमेकांचे हुकूम ऐकण्याची सोय, पण मेनूत हा शब्द बऱ्याचदा दिसतच नाही. सॅमसंगमध्ये त्याला एनीनेट प्लस म्हणतात, एलजीत सिम्पलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक, पॅनासोनिकमध्ये व्हिएरा लिंक आणि फिलिप्समध्ये ईझीलिंक. त्यानंतर साउंड आउटपुटमध्ये टीव्ही स्पीकरच्या जागी एचडीएमआय एआरसी निवडा. सेट-टॉप बॉक्स टीव्हीच्या दुसऱ्या एचडीएमआय पोर्टवर राहू द्या, त्याचाही आवाज टीव्हीमार्फत बारकडे येतो.

एवढं करूनही आवाज आला नाही तर टीव्ही आणि बार दोन्हींचे प्लग भिंतीतून काढा, दोन मिनिटं थांबा, आधी टीव्ही लावा आणि मग बार. नुसतं रिमोटने बंद करून उपयोग नाही, कारण स्टँडबायमध्येही त्यांची आपसातली जुनी ओळख टिकून राहते आणि अडकलेली गाठ सुटत नाही. तरीही नाही आला तर दुसरी केबल लावून बघा.

टीव्हीत एआरसी नसेल तर ऑप्टिकल, म्हणजे आवाज प्रकाशाच्या रूपात नेणारी केबल. आवाज चांगलाच येतो, मात्र टीव्हीच्या रिमोटवर बारचा आवाज सहसा हलत नाही. नव्या ऑप्टिकल केबलच्या दोन्ही टोकांवर नखाएवढी पारदर्शक टोपणं असतात. ती काढायची राहून जातात आणि केबल काही केल्या आत बसत नाही. टोपण काढलं, एक टोक टीव्हीत लावलं आणि टीव्ही चालू केला की दुसऱ्या टोकातून लाल ठिपका दिसतो; तो दिसला म्हणजे टीव्ही आवाज पाठवतोय. प्लगची एक बाजू सपाट असते, ती पोर्टशी जुळवून टक् असा आवाज येईपर्यंत दाबा. ही केबल काटकोनात मुडपू नका, आतला प्रकाशवाहक धागा तुटतो.

ब्लूटूथ टीव्हीसाठी शेवटचा पर्याय धरा. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये आवाज सहज १०० ते २०० मिलिसेकंद उशिरा पोचतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे आवाज चित्राच्या १२५ मिलिसेकंद मागे पडला की माणसाला जाणवतो, आणि चित्राच्या पुढे गेला तर ४५ मध्येच. निसर्गात आवाज नेहमी दृश्याच्या मागूनच येतो, म्हणून मागे पडलेला आपण जास्त खपवून घेतो. ओठ आणि शब्द जुळत नसतील तर टीव्हीत ऑडिओ डिले किंवा लिप सिंक नावाचं सेटिंग असतं. ते आवाज आणखी उशिरा पाठवू शकतं, लवकर नाही. त्यामुळे आवाज पुढे पळत असेल तर १०-१० मिलिसेकंदांनी वाढवत जा. मागे पडत असेल तर ते शून्यावर आणा, आवाजाचा प्रकार पीसीएम करा (तो काय ते लगेच खाली सांगतो) आणि ब्लूटूथ सोडून केबल लावा. गेम मोडही तपासा: त्यात चित्र लवकर येतं आणि आवाज आणखी मागे पडल्यासारखा वाटतो.

आता पीसीएमचंच बोलू. टीव्हीत डिजिटल ऑडिओ आउटपुट नावाच्या सेटिंगमध्ये पीसीएम, ऑटो, बिटस्ट्रीम किंवा पासथ्रू असे पर्याय असतात. पीसीएम म्हणजे टीव्हीने उलगडलेला साधा आवाज; बिटस्ट्रीम किंवा पासथ्रू म्हणजे न उलगडता आहे तसा बारकडे पाठवलेला. २.० किंवा २.१ बार असेल तर पीसीएम ठेवा. टीव्ही स्वतःच आवाज उलगडून दोन चॅनेल पाठवतो आणि काही वाहिन्यांवर आवाज येतो, काहींवर येत नाही हा त्रास संपतो. तो त्रास होतो कारण साध्या बारला डॉल्बी डिजिटल हा आवाज दाबून पाठवायचा प्रकार समजत नाही. तसला सिग्नल आला की तो गप्प बसतो किंवा खरखरतो. ३.१ बार असेल तर उलट करा, ऑटो किंवा बिटस्ट्रीम ठेवा. पीसीएम ठेवलंत तर साधारणपणे दोनच चॅनेल बारपर्यंत पोचतात, संवादांचा मधला चॅनेल टीव्हीतच कालवला जातो, आणि ज्या मधल्या स्पीकरसाठी पैसे मोजले त्याला अंदाजाने काम करावं लागतं. पेनड्राइव्हवरच्या एखाद्याच फाइलला आवाज नसेल तर ती बहुधा डीटीएस या डॉल्बीसारख्याच दुसऱ्या प्रकारात असते. तो प्रकार बरेच टीव्ही उलगडत नाहीत; त्यात दोष बारचा नसतो.

बार ठेवताना त्याची पुढची कड टेबलाच्या पुढच्या कडेशी जुळवा. हे फुकटातलं काम आहे आणि त्याने महागड्या मॉडेलइतका फरक पडतो. १५-२० सेंटिमीटर आत सरकवला तर टेबलाच्या पृष्ठभागावरून उसळलेला आवाज सरळ आवाजात मिसळतो आणि बोलणं दबकं होतं. टीव्हीच्या पायांमुळे जागा अडत असेल तर टीव्ही थोडा मागे घ्या, बार नाही. कपाटाच्या बंद खणात ठेवू नका, तिथे तो घुमतो. मागे बेसचं छिद्र असेल तर भिंतीपासून निदान ५-१० सेंटिमीटर सोडा. टेबल थरथरत असेल तर खाली पातळ रबर किंवा फेल्ट घाला.

मग बारवरचा बेस दोन पायऱ्या खाली आणा. ऐकायला विचित्र वाटेल, पण जाड आवाज बारीक आवाजाला झाकतो, आणि व्यंजनं बारीक आवाजातच असतात. संवादांचा मोड चालू करा. तुमची जी मूळ तक्रार आहे, कधी वाढव कधी कमी कर, तिच्यावर नेमकं औषध म्हणजे नाइट मोड. तो मोठे आवाज दाबतो आणि हळू आवाज उचलतो. नाव रात्रीचं असलं तरी दिवसभर चालू ठेवायला हरकत नाही.

आवाज दोनदा आल्यासारखा किंवा विहिरीतून आल्यासारखा वाटला तर टीव्हीचे स्पीकर चालूच राहिलेत. साउंड आउटपुट पुन्हा बघा. ऑक्स केबल (हेडफोनसारखी पिन असलेली साधी वायर) टीव्हीच्या हेडफोनच्या भोकात लावली असेल तर टीव्हीचा आवाज ७०-८० टक्क्यांवर ठेवून बाकीचं बारवर करा, नाहीतर हिस्स असा आवाज वाढतो. या जोडणीत हळू आवाजाच्या दृश्यांत काही बार सिग्नल नाही असं समजून झोपी जातात. मेनूत ऑटो पॉवर ऑफ असेल तर बंद करा.

यूएसबीवर चालणारा छोटा बार घेतलात तर त्याची वायर टीव्हीच्या यूएसबीत खुपसू नका. जुन्या प्रकारचं साधं यूएसबी पोर्ट ५ व्होल्टला अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट देतं. आवाज वाढला की बारला तेवढं पुरत नाही, मग तो फाटतो किंवा मध्येच बंद होऊन पुन्हा चालू होतो. बारवर जेवढे व्होल्ट आणि अँपिअर छापलेत त्या मापाचा वेगळा अडॅप्टर लावा. व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, अँपिअर जास्त चालतील. नुसती पिन बसते म्हणून दुसऱ्या कुठल्या यंत्राचा १२ किंवा १९ व्होल्टचा अडॅप्टर लावू नका, बार जळेल.

सगळं झालं की बातम्यांची वाहिनी लावा, आवाज तुम्ही एरवी ठेवता त्याहून थोडा कमी ठेवा आणि निवेदकाचे स, श, त कान देऊन ऐका. बार दोन-दोन सेंटिमीटर पुढे-मागे करून आणि बेस एक-एक पायरी बदलून जिथे ते सर्वात मोकळे ऐकू येतात तिथे ठेवा. परत करायची मुदत संपायच्या आत हे करा, म्हणजे कोणत्याच जागी जमत नसेल तर बार बदलून घेता येईल.